शहाद्याला दिलेला पासवर्ड

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारवड आदरणीय रूपसिंगदादा, व्यासपीठावरच्या प्रमिलाबाई, उद्या नाशिकच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर रुजू होणारे आपले हेमराजभाऊ, आणि घाट चढून धडगावला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला चार चांगले शब्द बोलायला सांगितलंय. आहेत की चांगले शब्द! मी, सुसाना गावित, नवापूरकडून इथं कॉम्प्युटरवर बसायला आले तेव्हा सर्व्हर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. भाऊंनी शिकवलं. वनहक्क दाव्यांचे नकाशे पुण्याच्या सर्व्हरवर असतात. ते सगळ्यांनी पाहावेत, बदलावेत मात्र ज्याचं गाव त्या एकट्यानंच, ही परवानगी एका ओळीच्या कमांडनं कशी द्यायची, तेही त्यांनीच दाखवलं. गुरूच म्हणा ना!

आता आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. इथं रेंज गेली की जो जीपनं शहाद्याला उतरेल त्याच्याकडे बाकीचे पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात. कोण कोणावर संशय घेतं? मार्चमध्ये भाऊ म्हणाले, "ताई, मी शहादाले जाई ऱ्हायनू. तुन्हा पासवर्ड लिखी दे, तुन्हं काम बी करी टाकसू." मी दिला. (बसा भाऊ, चहा येतोच आहे.)

त्या दिवशी माझ्या नावानं स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक कमांड आपोआप देणारी फाईल, चालली. एका फोल्डरऐवजी सगळ्या गावांच्या फोल्डरवर सात-सात-सात आकडा पडला, म्हणजे कोणीही यावं आणि काहीही बदलावं. आठवड्यात तीन गावांचे नकाशे कोणाच्या तरी हातून पुसले गेले. चूक कोणाकडूनही होते. त्या गावांची जमीन मोजून आणणाऱ्या आपल्या गजराबाईंना मोजणीसाठी पुन्हा डोंगरभर फिरावं लागलं, तेव्हाही मी भाऊंवर रागावले नव्हते.

पण चौकशीत दादांनी विचारलं, "हेमराज, सुसानानं तुला पासवर्ड दिला होता का?" आणि भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही." घरचं माणूस समजत होते हो मी त्यांना! फार लागलं. नोटीस मला आली, आणि तिच्यापायी एक तारखेपासून माझं कंत्राट बंद होतंय. भाऊंना बढती मिळाली, त्यांचं अभिनंदन.

दादा, बोलू दिलंत, आपली आभारी आहे. काही अधिकउणं झालं असेल तर लेकीचं समजून पोटात घाला. माझं बोलणं संपलं. हेमराजभाऊ, गजराबाई समोरच बसल्यात, दादाही इथंच आहेत. हा घ्या माईक.