ग्रेगच्या पिंजऱ्यातली साळुंकी

परवाचंच सांगते. आई पुण्याहून सातासमुद्रापार आमच्याकडे स्कोफिल्ड्सला आली आहे. शेजारचा ग्रेग बागेत पिंजरा लावून साळुंक्या पकडतो. भारतातून आलेल्या या साळुंक्या इथल्या पक्ष्यांची घरटी बळकावतात, म्हणून त्यांना मारतात. इथले पक्षी वाचलेच पाहिजेत, यावर मीही तासन्‌तास भांडते.

सकाळी पिंजऱ्यात पिवळ्या चोचीचा पक्षी फडफडताना दिसला आणि आई कुंपणाकडे धावली.

"प्लीज, लीव्ह इट! इंडियन बर्ड! अवर बर्ड!"

"एग्झॅक्टली!" म्हणत ग्रेगने पिंजरा उचलला.

मी नीट पाहिलं. साळुंकी तपकिरी असते, हा तर राखाडी होता.

"आई, गप्प बस! तो आपला नाहीये!"

"असं कसं? डोळ्यापाशी पिवळं आहे की!"

"अगं, तू आपला म्हणतेस म्हणूनच मरेल तो!"

मी ग्रेगला पक्ष्याचा रंग दाखवला. तो चपापला. "ओह, नॉइझी मायनर! हा इथलाच, मेट. याला मारणं गुन्हा आहे." त्याने घाईघाईने दार उघडलं. पक्षी उडाला आणि माझा जीव भांड्यात पडला.

आईने मात्र मला बाजूला ओढलं. "माझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय, हे त्याच्यापाशी बोलू नकोस हं."