बावीस मिनिटांची शांतता

संपादक : बावीस मिनिटं आपला पडदा काळा होता. मी बैठकीत होतो, मालकांकडून तीन फोन आले. प्रक्षेपणाच्या गाडीचा जनरेटर बिघडला होता का?

बातमीदार : नाही सर. मीच बंद करायला लावला.

संपादक : इमारत कोसळलीय, सगळे चॅनेल तिथे, आणि तू थेट प्रक्षेपण बंद करतेस?

बातमीदार : तिने सांगितलं म्हणून.

संपादक : तिने म्हणजे?

बातमीदार : त्या इमारतीतल्या शिवणकारखान्यातली एक बाई. दोरा आणायला बाहेर पडली आणि मागे इमारत खाली आली. धाकटी बहीण आतच राहिली. मी तिच्या हनुवटीखाली माइक धरला आणि विचारलं, बहीण ढिगाऱ्याखाली आहे, तुम्हाला आत्ता काय वाटतंय? कॅमेरामनला खूण केली, डोळे जवळून घे म्हणून.

संपादक : मग? रडली?

बातमीदार : नाही. म्हणाली, बाई, आधी तुमची गाडी बंद करा, तिच्या घरघरीत आतलं काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आपण लाइव्ह आहोत.

संपादक : असं म्हणालीस तू तिला?

बातमीदार : म्हणाले. तर तिने माइक माझ्या हातातून काढून घेतला आणि सगळ्या चॅनेलवाल्यांकडे तोंड केलं. म्हणाली, तीस मशिनींच्या खडखडाटात कुठल्या मशिनीचा टाका सुटतोय ते मला बसल्या जागी कळतं. खालून कुणीतरी ठोकतंय. हात जोडते, गप्प बसा. आवाज चढवला नाही सर तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संपादक : बाकीच्यांनी ऐकलं?

बातमीदार : आपली गाडी बंद झाल्यावर एकेकाने केली. ही ढिगाऱ्याला कान लावून बसली. बचावपथकाचे जवान म्हणत होते, मागच्या भिंतीकडे खणू. हिने जिन्याची बाजू दाखवली.

संपादक : आणि?

बातमीदार : जिन्याखालून तिच्या कारखान्यातले कापड कापणारे कटिंग मास्तर निघाले. जिवंत. बहीण नव्हती ती, तरी हिने त्यांच्या तोंडावरची धूळ स्वतः पुसली, पाणी पाजलं. मग विचारलं, मास्तर, तुमच्या पलीकडे कोण होतं? त्यांनी बोट दाखवलं तिथे तासाभराने बहीण सापडली.

संपादक : कशी आहे?

बातमीदार : शुद्धीवर आहे. पायाचं ऑपरेशन संध्याकाळी.

(संपादक वाजणारा फोन उचलून तसाच खाली ठेवतात.)

संपादक : सातच्या बातम्यांत हेच पहिलं घेऊ. सुरुवात त्या बाईच्या बोलण्यापासून. तुझा प्रश्न कापून टाकायला सांगतो.

बातमीदार : कापू नका सर. मी काय विचारलं ते लोकांना दिसू दे.

संपादक : लोक फाडून खातील तुला.

बातमीदार : खाऊ देत. चार नवीन मुलं शिकतील तरी.

संपादक : पंधरा वर्षांपूर्वी पुरात मीही एका म्हाताऱ्याला असंच काहीसं विचारलं होतं. मला तिथे कुणी अडवलं नाही. आता कुठे निघालीस?

बातमीदार : इस्पितळात. ती बाई बाहेर बाकावर एकटीच बसलीय. कॅमेरा नेत नाही.

संपादक : थांब. हा माझा डबा घेऊन जा. सकाळपासून उघडलेला नाही.