शेजारची खुर्ची

...नाही भाऊजी, ती खुर्ची परत येणार नाही. तुमच्या भावाला जाऊन सांगा — नाहीतर राहू द्या, घरी मीच सांगितलंय. निवडून मी आले, नगराध्यक्ष मी, मग माझ्या टेबलाला लागून नवऱ्याची खुर्ची कशाला? सवय म्हणून? हो, सवयच. अभियंता अजून माझ्यापुढे उभा राहून त्या रिकाम्या जागेकडे बघत बोलतो — पाइप कुठून न्यायचा ते भिंतीला विचारतो बिचारा. हसू नका. परवा खालच्या वस्तीच्या नळाचा विषय निघाला, सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, आणि मी — मीसुद्धा तिकडेच बघितलं. खुर्ची नाही, माणूस नाही, तरी मान वळली. घरी जाऊन इतकी रडले की — जाऊ दे, ते तुम्हाला कशाला सांगतेय.

तर निरोप काय, खुर्ची ठेवा नाहीतर आजच्या सभेत अविश्वास ठराव. म्हणजे माझं पद जाणार आणि वस्तीचा नळही जाणार, कारण तिथं टँकर कुणाचा चालतो? तुमच्या भावाच्या दोस्ताचा. नळ आला की टँकर बसला, एवढं साधं आहे. आजवर सगळं आमच्या घरीच ठरायचं, इथं येऊन नुसते हात वर करायचे. चहा मी करत होते ना — बाईला काय कळतंय म्हणून माझ्यादेखत बोलायचात सगळे, तुम्हीसुद्धा. कळत होतं हो.

आणि आज सगळं तुमच्या एका मतावर अडलंय, तेही कळतं. काय म्हणालात, घर मोडेल? ते माझ्याशी बोलत नाहीत, ताट वाढलं की उठून जातात. जीव तुटतो माझा, खोटं का बोलू? पण मी मान खाली घातली तरच उभं राहणार असेल, तर त्या घराला मी किती दिवस टेकू देऊ? नाही देणार.

सभा आता दार उघडं ठेवूनच होते, हा नियम माझा. सभागृह भरलंय. वस्तीतल्या बायका आल्यात, आणि पुढच्या रांगेत सासूबाई बसल्यात. मी नाही बोलावलं, स्वतःहून आल्यात. तेव्हा माझ्याविरुद्ध हात वर करायचा तर खुशाल करा, आईच्या डोळ्यांदेखत करा. निघा आता, मला सभा सुरू करायचीय.