मडगार्डवरची जागा

येरमाळ्याच्या स्टँडवर मी बार्शीच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी एक शेतकरी कॉम्प्युटरचा सीपीयू चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसले होते. सोबत कॉलेजात जाणारी लेक होती.

“शिवकन्या, मोठा टीव्ही जोडला तर चित्र चांगलं दिसंल न्हवं?”

“न्हाय बाबा. चित्र आतल्या कार्डावर बनतं. आपल्यात ते कार्डच न्हाय, म्हणून आपल्या धाकट्या युवराजचा गेम अडकत चालतो.”

“मग नवं घेऊ.”

“नवं न्हाय परवडायचं. वापरलेलं घेऊ, अन् रॅम थोडी वाढवू. तेवढं बास हुतंय.”

“दिसभर पडून असतंय लेकरू. कसला गेम खेळतंय?”

“शेतीचा.”

“म्हंजी?”

“नांगरायचं, पेरायचं. ट्रॅक्टर चालवायचा.”

“ट्रॅक्टर?”

“मी सांगणार न्हवते तुमाला.”

“दोन्ही पाय ट्रॅक्टरखाली गेले त्याचे, अन् त्यो...”

“त्याला अजून बी आवडतो, बाबा.”

“म्याच बसवलं हुतं मडगार्डवर. आमी बी लहानपणी तसंच बसायचो. एका खड्ड्यानं खाली गेलं लेकरू.”

“बास करा आता. उठा, गाडी लागली.”

“थांब. त्या गेममधी मडगार्डवर कुणाला बसवता येतंय का?”

“न्हाय. एकच सीट असती, चालवणाऱ्याची.”

“खरं सांगतीस?”

“व्हय बाबा.”

“मग चल. चांगलं कार्ड घे त्याला.”