चातुर्मासात वाढणारी मोजणी

मी कोष्ट्याचा पोरगा, नागपूरचाच. घरात माग, अन् मागाच्या खडखडाटात आमचा अभ्यास. तुम्ही लिहून घ्या, पण लिहिलेलं मले वाचून दाखवा बरं, तुमच्यावर भरोसा नाही असं नाही, बाबाचा सभावच माह्यात उतरला, काय सांगू तुम्हाले. व्यापारी सूत देऊन जाये, त बाबा ती लडी आधी गालाले लावून पाहे, ओली त नाही ना म्हणून, काहून का ओलं सूत वजनात भरते, मग कापड कमी भरलं का चोर कोण, त कोष्टी. व्यापारी हसे, म्हणे बुढा सुताचा मुका घेऊन राहिला. बाबा म्हणे हसू दे त्याले, तू पाहून घेत जाय गा. पुढं मी फिजिक्स शिकलो, सदर भागातल्या एका कॉलेजात लागलो, पण सवय तीच राह्यली, गालाले लावल्याबिगर काही मानायचं नाही.

तिथं आमच्या मोठ्या सरांनी गॅमा किरणांचं काम घेतलं. गॅमा किरण म्हणजे डोळ्याले न दिसणारा उजेडच समजा, पण लय ताकदीचा. आभाळातून येते, पण हवा त्याले खाली येऊ देत नाही, म्हणून यंत्र मोठ्या फुग्याले बांधून वर धाडा लागते. यंत्रात मिठासारखा एक स्फटिक, किरण आदळला का त्यात बारीक चमक होते, त्या चमका मोजायच्या. अन् या स्फटिकाचा दुश्मन कोण, त ओल! मले हसू आलं, बाबाची आठवण आली. तो स्फटिक डब्यात बंद करायचं काम मीच मागून घेतलं. ठरलं असं का आधी वर्षभर खाली जमिनीवर मोजायचं, काहून का भिंती, माती, सारंच थोडे थोडे किरण सोडत राहते, तेवढं मग वजा कराले. अन् त्यानंतर, फुगे हैदराबादहून सोडत म्हणून, यंत्रासंगं तिथं एकानं जायचं, तो मी. मले दुसरं काही नको होतं, माह्या हातचा डबा वर जाताना पाहायचा होता.

आषाढ सरला अन् मोजणी वाढली. उतरायचं नावच नाही. सर म्हणे डब्यात ओल शिरली, तुह्या हातचं काम कच्चं. मी म्हटलं सर, ओल लागली त स्फटिक पिवळा पडन, चमका मंदावतील, मोजणी वाढन कशी? म्हणे मले शिकवू नको. हैदराबादच्या कागदातून माह्यं नाव काढलं अन् बाजूच्या टेबलावरच्या सुदामचं घातलं. आता मले शक येणार नाही त काय? यंत्र तपासाले आम्ही किरण सोडणारी एक चकती ठेवत असू, शिशाच्या पेटीत, त्या पेटीची चाबी सुदामजवळ. मी तोंडावर इचारलं, काहून गा, चकती यंत्राजवळ ठेवून राहिला का तू? त्यानं भरल्या प्रयोगशाळेत दोन्ही खिसे टेबलावर उलटे केले, फुटाणे पडले, रुमाल पडला. म्हणे पाह्य, पेटीही पाह्य. मी पेटी उघडून पाह्यली, चकती जागच्या जागी. मग त्यानं बोलणंच सोडलं. मले त सरांवरही शक याले लागला.

त्यातच बहिणीचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरचं. वरातीच्या गॅसबत्त्या सांगाले गेलो. दुकानदार म्हणे आता चातुर्मास, देव झोपले, लग्नं बंद, साऱ्या बत्त्या गोदामात पडल्या हायेत. म्हटलं गोदाम कुठं हाय? म्हणे तुमच्या कॉलेजाच्या मागच्या भिंतीले लागून. अन् त्याच भिंतीच्या अल्याड आमचं यंत्र! बत्तीच्या मेंटलची जाळी असते ना, तिच्यात थोरियम असते, तेही किरण सोडते! कॉलेजातून हातात धरायचं छोटं मोजणीयंत्र घेऊन गोदामात गेलो, त दुकानदार घाबरला, म्हणे इन्कम टॅक्सवाले हा का तुम्ही? मेंटलच्या खोक्यांजवळ यंत्र नेलं अन् ते कढईतल्या फुटाण्यासारखं तडतडाले लागलं.

सरांले पटेना, म्हणे वरातीच्या बत्त्या! मी म्हटलं तुळशीचं लग्न होऊ द्या. झालं, हातगाड्या आल्या, बत्त्या-खोके भरून नेले, अन् मोजणी सरसर उतरली. सर म्हणे हं, यंत्र दुसऱ्या खोलीत हलवा. बस. माह्यं नाव काही परत घातलं नाही, म्हणे कागद वर गेले.

मग हैदराबादले निघायची वेळ आली त सुदाम सरांकडे गेला, म्हणे माह्यं पोट दुखते, प्रवास झेपणार नाही. बाहेर येऊन मले म्हणे तू जाय गा, यंत्र तुह्यं हाय. रेल्वेत बसलो तरी माह्या मनात तेच, हा काहून सोडून राहिला, याच्यात याचा काय डाव? फुगा वर गेला, वाटाण्याएवढा झाला, अन् मी लहान पोरासारखा रडलो. पण डावाचं काही डोक्यातून गेलं नाही.

आता रिटायर झालो, इथंच नंदनवन वस्तीत राहतो. सुदाम दरवर्षी तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी स्कूटरवर येते, फुटाण्याची पुडी माह्या हातात देते, म्हणे उतरली का गा मोजणी? मी म्हणतो उतरली. पोटाचं इचारलं त आजही म्हणे खरंच दुखत होतं बाप्पा. खोटं बोलते, त्या दिवशी मेसमध्ये तो दोन ताटं जेवला होता, मी पाह्यलं. जिंदगीभर सारं तपासलं, हे एवढं तपासाले हात धजत नाही. देव त्याले बरं ठेवो.