वाढत्या अंगाचं

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला. आता आख्यानाला लागायच्या आधी एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. उत्तर मोठ्यानं देऊ नका — मनात द्या, म्हणजे खोटं बोलता येणार नाही! प्रश्न असा — ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याचं दुखणं आपल्याला आपोआप कळतं का?

कळतं म्हणता? बघा, सगळ्या आया माना हलवताहेत! 'बुवा, आम्हाला लेकराच्या डोळ्यांवरून कळतं!' बरं. कळत असेल. मग ऐका एका बापाची गोष्ट — त्याला मुक्या जनावराचं सगळं कळायचं, आणि बोलत्या लेकीचं काही कळेना!

कृष्णाकाठी एक तालुक्याचं गाव. तिथं गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता उमाकांत शेटे. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, लाथा खायच्या — हे त्याचं काम! पण हाताला गुण असा, की म्हशीच्या कुशीवर नुसता तळवा ठेवला तरी सांगायचा, 'हिनं काल रात्री काहीतरी भलतं खाल्लंय.' डॉक्टरसुद्धा आधी त्याच्या तोंडाकडं बघायचे.

त्याची बायको शैलजा. अहो, काय पोहायची ती! दरवर्षी माघातल्या एका रविवारी त्या गावचे पोहणारे कृष्णा पार करतात. या घाटावरून त्या घाटावर, सोबतीला नावा. शैलजा दरवर्षी त्यात. आणि उमाकांत? तो घाटाच्या पायरीवर, मांडीवर टॉवेल घेऊन! पोहता येत नव्हतं ना! बायको पाण्यात, नवरा कोरडा. लोक हसायचे. तोही हसायचा. पण ती पलीकडं पोचून हात वर करेपर्यंत या माणसाचा श्वास काही सुटायचा नाही.

एकच मुलगी, रेवा. आईनंच तिला पाण्यात घातलं. 'बारा वर्षांची झालीस की आपण दोघी मिळून पार करायची हं नदी!' — असा मायलेकींचा करार. 

रेवा नऊ वर्षांची असताना शैलजाला कावीळ झाली. पंधरा दिवस. संपलं.

...पेटीवाले, वाजवू नका. असू द्या. थोडं गप्प बसू.

तीन वर्षं गेली. बाप स्वयंपाक शिकला, भाकरी थापायला शिकला. वेणी घालायला शिकला! आधी म्हशीच्या शेपटीसारखी व्हायची, मग हळूहळू सरळ यायला लागली. रेवा रोज सकाळी गावच्या तलावावर मुलींच्या बॅचला पोहायला जायची. बाप बाहेर बाकावर. आता तिला बारावं संपत आलं होतं. माघ दीड महिन्यावर आला.

आणि एका सकाळी पोरगी म्हणाली, "आज नको. खोकला आहे."

दुसऱ्या दिवशी, "पाणी गार आहे." तिसऱ्या दिवशी, "गृहपाठ राहिलाय." आठवडा गेला, दोन गेले. तलावावरच्या शिकवणाऱ्या हर्षदाताई बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "शेटे, नदीसाठी तिचं नाव लिहायचं ना? पोरगी येतच नाही हो!"

उमाकांतनं घरी येऊन विचारलं. पण कसं? आपण विचारतो तसं! "जायचं नाही का तुला नदीला? आईची किती इच्छा होती!" हा प्रश्न झाला का, मंडळी? हा तर पाठीवर दिलेला धोंडा झाला! पोरीनं मान खाली घातली. "नाही जायचं," म्हणाली, आणि आत गेली.

त्या रात्री उमाकांत बायकोच्या फोटोपुढं उभा राहिला. 'शैला, तू असतीस तर तुला कळलं असतं गं. मला काही उमजत नाही. नुसतं येऊन एवढं एक सांगून जा ना!' फोटो कुठं बोलतो? 

मग त्यानं आपल्याच डोक्यानं शोध लावला — कॉस्च्युम जुना झालाय, म्हणून पोरगी रुसलीय! अर्धं बरोबर होतं हं. अर्धं बरोबर असणं फार वाईट, माणूस तिथंच थांबतो. गडी गेला बाजारात, एकटाच. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता ना! गुलाबी रंगाचा कॉस्च्युम घेतला. कमरेला झालर! मापाचं काय? दुकानदारानं विचारलं, तर हा म्हणतो, "वाढत्या अंगाचं द्या! दोन साइज मोठं!"

हसताय? ताई, तुम्ही हसू नका! पहिलीत घेतलेला गणवेश तुमच्या पोरानं चौथीपर्यंत घातलाय, मला माहीत आहे! बाह्या कोपराखाली, चड्डी गुडघ्याखाली — पोरगं शाळेत चाललंय की तंबू, कळायचं नाही!

रेवानं ती पिशवी उघडली. झालर बघितली. बापाचा चेहरा बघितला — किती आशेनं उभा होता! म्हणाली, "छान आहे, पप्पा." आणि सकाळी तोच घालून गेली. बापाचं मन राखायला!

उडी मारली आणि — अहो, गळ्यातून पाणी शिरलं, पाठीत फुगा झाला! भरलेली पखाल ओढावी तशी ती पोहतेय. एका हातानं पाणी कापायचं, दुसऱ्या हातानं खांदा सावरायचा. काठावरच्या दोघी-तिघी खिदळल्या. रेवा अर्ध्यातून बाहेर आली, टॉवेल गुंडाळला, आणि बाकावर बसलेल्या बापाला म्हणाली, "चला घरी." 

दुसऱ्या दिवशी मात्र कुणी न सांगता ती उठली आणि जुना निळा कॉस्च्युम घेऊन निघाली. बापाला वाटलं, आली बाई ताळ्यावर! 

संध्याकाळी तो तिची वेणी घालायला बसला. ती पुढं, हा मागं. केस बाजूला केले, फ्रॉकचा गळा जरा सरकला, आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. मानेच्या दोन्ही बाजूंना खांद्यावर लाल वळ. एका ठिकाणी कातडी सोललेली.

मंडळी, हा माणूस कोण होता? गुरांच्या दवाखान्यातला! जू लागून बैलाचा खांदा सुजून सोलतो, तो त्यानं शेकडो वेळा धुतला होता. बैलाच्या मालकाला तो शिव्या घालायचा — 'अरे, जू बसत नाही तर बदल की! तो मुका आहे म्हणून काय वाट्टेल ते ओढायला लावशील?' आणि आज त्याच्या घरात, त्याच्या लेकीच्या खांद्यावर तोच वळ!

तो ओरडला नाही. उपदेश केला नाही. वाटीत खोबरेल घेतलं, बोटानं हलकेच लावलं. आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा त्यानं नीट विचारलं — "दुखतंय का गं रेवा?"

आणि गप्प बसला. थांबला तो!

बऱ्याच वेळानं पोरगी बोलली. पाठ त्याच्याकडं होती, म्हणून बोलू शकली. "घट्ट होतोय, पप्पा. सगळीकडंच. हात वर केला की वर ओढला जातो. मग मी सारखी खाली ओढत बसते. सगळ्या बघतात असं वाटतं."

"मग सांगायचं नाही का मला?"

"तुम्हाला कसं सांगू? मला कसंतरी वाटतं. आई असती तर..." 

वाक्य अर्धंच टाकून ती उठली, निळा कॉस्च्युम घेऊन आली आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "हे बघा." खांद्याच्या पट्ट्यांवर लाल दोऱ्याचे टाके. आईनं घेताना तोही मोठाच घेतला होता, आणि दोन्ही पट्ट्यांना तीन-तीन घड्या घालून टाके मारले होते — दरवर्षी एक सोडायची म्हणून. 

"एक घडी मी दहाव्या वर्षी उसवली. दुसरी अकराव्या वर्षी. ही शेवटची आहे, पप्पा. ही उसवली की आईनं शिवलेलं काही राहणारच नाही."

बोला, मंडळी! काय उत्तर द्याल? खांदा सोलला, पण पोरीनं आईचा टाका सोडला नाही! आणि बाप म्हणतोय, खोकला आहे, रुसवा आहे!

उमाकांतनं ते टाके बोटानं चाचपले. शेवटी म्हणाला, "मलापण तिची फार आठवण येते गं." तीन वर्षं एका घरात राहून हे वाक्य दोघांपैकी कुणीच उच्चारलं नव्हतं. का? तर दुसऱ्याला त्रास नको म्हणून! मग दोघंही रडली. अर्धी घातलेली वेणी तशीच सुटून गेली.

डोळे पुसून बाप म्हणाला, "तुला कसा कॉस्च्युम पाहिजे, ते सांग. मला यातलं कळत नाही. तू सांगशील तसा."

रविवारी दोघं मिरजेला गेली. तिथं जरीनाभाभी मुजावरांचं खेळाच्या कपड्यांचं छोटं दुकान. भाभी पन्नाशीची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. उमाकांतनं तोंड उघडलं, "हिला एक कॉस्च्युम —"

"थांबा भाऊ! घालणार कोण? तुम्ही की ती?"

"ती."

"मग तुम्ही बाहेर बाकावर बसा. चहा सांगते. बोल बेटा, कुठं पोहतेस? तलावात की नदीत? थंडी वाजते? हात-पाय झाकलेले आवडतात की मोकळे?"

रेवानं आधी बापाकडं पाहिलं, मग हळूहळू बोलायला लागली. नदीत जायचंय. बाही असलेला हवा. गुडघ्यापर्यंत हवा. झालर नको! भाभींनी तीन काढले आणि पडद्याआड पाठवलं. बाहेरून ऐकू येत होतं, "आतले कपडे तसेच राहू दे, वरून घालून बघ. आता हात वर कर. गोल फिरव. खाली वाक. मांडी घालून बस. कुठं काचतंय? बाहीखालून दोन बोटं जातात? नुसतं आरशात बघू नको बेटा, आरसा काही पोहत नाही!"

बापाला बाहेर राहवलं नाही. "भाभी, जरा एक साइज मोठा..."

"भाऊ, चहा प्या!" आतून आवाज. "मोठा घेतला तर पाणी भरतं. ती पोहणार की पाणी वाहणार? वाढली की परत या. पोरीनं वाढायचंच असतं!"

पहिला काखेत काचला. दुसरा मांडीवर सरकला. तिसरा — गडद हिरवा, अर्ध्या बाहीचा, गुडघ्यापर्यंत, पुढं चेन आणि चेनीखाली आतून मऊ पट्टी, म्हणजे गळ्याला टोचायला नको. मग रेवा फ्रॉक घालून बाहेर आली, कॉस्च्युम हातात. म्हणाली, "हा. यात मला माझी आठवणच राहत नाही, पप्पा!"

काय बोलली पोरगी! कपडा असा हवा, की घातल्यावर अंगाचा विसर पडावा!

परतीच्या बसमध्ये उमाकांत भीत भीत म्हणाला, "त्या जुन्याच्या पट्ट्या काढून याला लावायच्या का गं? आईचे टाके..." त्याला वाटलं, पोरगी खूश होईल. पण आता तो विचारत होता, ठरवत नव्हता. रेवानं विचार केला, मान हलवली. "नको. तो आईनं नऊ वर्षांच्या रेवाला घेतला होता. तिचा तिलाच राहू दे." घरी आल्यावर तिनं तो निळा कॉस्च्युम, शेवटच्या घडीसकट, आईच्या साड्यांमध्ये ठेवला आणि कपाट लावलं.

माघातला रविवार उजाडला. घाटावर गर्दी, नदीत नावा, पाणी असं गार की बोटं बधिर! तीसेक जणांत हिरव्या कॉस्च्युममधली रेवा. उमाकांत पायरीवर, मांडीवर टॉवेल. शेजारची जागा त्यानं न ठरवता मोकळी सोडली होती. कुणीतरी बसायला आलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं सरकून जागा दिली.

शिट्टी झाली! सगळ्यांनी झेप घेतली. बाप बघतोय. हात वर जातोय, खाली येतोय, वर जातोय — एकदासुद्धा खांद्याकडं गेला नाही! मधली धार आली, तिथं पोरगी जरा वाहवली. नाव जवळ सरकली. तिनं मान हलवून 'नको' सांगितलं आणि पुन्हा पाणी कापायला लागली. लहान होत गेली. ठिपका झाली. मग पलीकडच्या घाटावर एक हिरवा ठिपका पाण्यातून वर चढला, आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

अगदी आईसारखे.

सगळा घाट टाळ्या वाजवतोय. उमाकांतला टाळी वाजवता आली नाही. तो मान वळवून शेजारी 'बघितलंस का?' म्हणायला गेला, आणि शेजारी कुणी अनोळखी आजोबा होते! पण आजोबा भले. म्हणाले, "बघितलं हो! कुणाची पोर?"

"शैलजाची," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "आणि माझी."

मंडळी, गेलेलं माणूस परत येत नाही. ती ओढ सुटत नाही, आणि सुटावी असं मी म्हणतही नाही. पण जे घरात आहे, रोज तुमच्यासमोर ताटावर बसतंय, त्याचं काय? सुरुवातीला माना हलवल्यात तुम्ही — 'आम्हाला आपोआप कळतं!' आता हलवा बघू!

नाही हलत ना? मग आज घरी जा. लेकरू वाढतंय. अंगानं वाढतंय, मनानं वाढतंय, आणि त्याचं त्यालाच ते नवीन आहे, लाजतंय बिचारं! त्याला कपडा घ्यायचा तर त्याला सोबत न्या. काचतंय का, विचारा. आणि विचारल्यावर — बायांनो, बाप्यांनो, हात जोडतो — लगेच आपणच उत्तर देऊ नका! थांबा. पोर बोलेपर्यंत थांबा.

त्या थांबण्यात आमचे कृष्णाकाठचे दत्तगुरू उभे असतात. चला, टाळ उचला... म्हणा माझ्याबरोबर त्यांचं नाव — हळू म्हणा, मांडीवरची पोरं झोपलीत!