मृणालिनीबाईंच्या माळेतला मधला मणी

उपस्थित बंधूंनो आणि भगिनींनो,

मृणालिनीबाईंच्या शोकसभेला दर्पण कॉलनीच्या या सभागृहात आज बसायला जागा उरलेली नाही. इतक्या विद्वान मंडळींपुढे उभे राहण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण इयत्ता चौथी. खासगी बाजार नावाच्या पेठेत माझे पटवेकऱ्याचे दुकान आहे. माळा ओवणे आणि तुटलेल्या माळा पुन्हा गाठवणे हे माझे काम. मृणालिनीबाई कॉलेजात संगणक शिकवीत. त्यांच्याविषयी मी काय बोलावे? पण मला बोललेच पाहिजे. एक गोष्ट मला ठाऊक आहे, ती आपल्याला ठाऊक नाही.

बाई प्रथम दुकानात आल्या तेव्हा मी एक माळ तपासत होतो. माळ दोन्ही अंगांनी सारखी आहे की नाही, हे टोकापासून पाहू नये. मधला मणी धरावा आणि दोन्हीकडे एकेक मणी बाहेर सरकत जावे. जिथे जोडी जुळत नाही, तिथे थांबावे. बाई पाहतच राहिल्या.

"काका, मी मुलांना हेच शिकवते!"

मी म्हणालो, "आपण संगणक शिकवता, असे माझ्या कानावर होते."

"तेच तर! समजा, अक्षरांची लांबलचक माळ आहे. तिच्यात उलटसुलट सारखा वाचता येईल असा सर्वांत मोठा तुकडा शोधायचा. मुलं प्रत्येक तुकडा टोकापासून तपासत बसतात आणि दमतात. तुम्ही मधून निघता."

बंधूंनो, त्या दिवशी मी घरी जेवताना दोन पोळ्या अधिक खाल्ल्या.

पुढे बाईंनी मला वर्गात नेले. मी कोट घातला, टोपी घातली. त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. मी माळ दाखवली. एक मुलगी उठून म्हणाली, "बाबा, बीच में दाना ही न हो तो? दोनों तरफ बराबर, बीच खाली?"

मी म्हणालो, "बेटी, ऐसी माला अनाड़ी बनाता है।"

वर्ग हसला. बाई हळूच म्हणाल्या, "काका, संगणकाला दोन्ही प्रकार शिकवावे लागतात. कधी मध्यावर अक्षर असतं, कधी मध्य दोन अक्षरांच्या मधोमध पडतो. तिथे काहीच नसतं. हा दुसरा प्रकार विसरलं की उत्तर चुकतं."

मी सर्वांसमक्ष म्हणालो, "आमचे पूर्वज दक्षिणेतून मराठी फौजेबरोबर इथे उत्तरेत आले, तेव्हापासून आम्ही माळा ओवतो. मधल्या मण्यावाचून माळ नाही."

बाई गप्प राहिल्या. मला वाटले, मी जिंकलो. सांगा, वडीलधाऱ्यापुढे जो गप्प राहतो, तो काय हरलेला असतो?

काही महिन्यांनी त्यांनी त्यांच्या आईची माळ आणली. आई नुकत्याच गेल्या होत्या. दोरा विरला होता, मणी सगळे जागेवर होते. मध्यभागी दोन पोवळी, अगदी सारखी. मधला मणी नव्हता. मी ठरवले, मणी हरवला आहे. माझ्या डबीतला एक चांगला मोती काढला आणि मध्ये ओवला. म्हणालो, "माझ्याकडून."

बाईंनी माळ हातात घेतली. मधून निघाल्या, दोन्हीकडे बोटे सरकवली, पुन्हा मोत्यावर आल्या. "छान बसलाय, काका," एवढेच म्हणाल्या, आणि माळ गळ्यात घातली.

भगिनींनो, आता जे सांगतो ते मी कोणाला सांगितलेले नाही. त्या दोन पोवळ्यांच्या मध्ये रेशमाची एक घट्ट गाठ होती. मुद्दाम मारलेली, कसबी हाताची. मणी हरवला असता, तर तिथे गाठ नसती. मला ते दिसले. चाळीस वर्षे गाठी मारणाऱ्याला ते दिसणार नाही काय? मी ती गाठ कापली. वर्गात बोललेला माझा शब्द खरा राहावा म्हणून कापली. आईची माळ मी मुलीसाठी चुकीची ओवली.

परवा त्यांच्या कन्या ईशा यांच्याकडे मी ती माळ मागितली. कारण सांगायला मी तोंड उघडले. ईशाच म्हणाल्या, "आजोबा, आईला मालूम था. लहानपणापासून तिने ही माळ आजीच्या गळ्यात पाहिली होती. मी म्हटलं, मोती काढून घे ना. तर म्हणाली, राहू दे. काका एक दिन खुद निकालेंगे."

बंधूंनो, बाई वाट पाहत होत्या. मला उशीर झाला.

ईशाताई, पुढे या. ही आपल्या आजीची माळ, आपल्या आईची माळ. मोती मी काढला आहे. गाठ पुन्हा मारली आहे, माझ्या हाताला जमली तितकी चांगली. दोन्हीकडे सारखे मणी आहेत, मध्ये काही नाही. माळ बरोबर आहे. बाई बरोबर होत्या.

आता आपण सर्वांनी उभे राहावे. दोन मिनिटे कोणीही काही बोलू नये. ही मधली जागा रिकामीच राहू द्यावी.